तिसरं शील घरसंसारात कसं पाळायचं
बुद्धविहारात पंचशीलातलं हे तिसरं शील, 'कामेसु मिच्छाचारा', म्हणजे लैंगिक गैरवर्तनापासून दूर राहणं, सगळेच म्हणतो, तोंडपाठ असतं, पण वरळी-चेंबूरला घरी परतलं की त्याचं करायचं काय हे कोणी बसून सांगत नाही म्हणून लिहितोय. आधी एक गैरसमज काढा, गृहस्थाला कायमचं ब्रह्मचर्य सांगितलेलं नाही. ते उपोसथाला (पौर्णिमेसारख्या व्रताच्या दिवशी) अष्टशील, म्हणजे आठ नियम, घेतले तर, किंवा १० दिवसांच्या विपश्यना शिबिरात. एरवी नवरा-बायकोचं प्रेम पाप नाहीच.

सुत्तांमध्ये, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांत, टाळायचं ते म्हणजे दुसऱ्याशी लग्न झालेली, ठरलेली, आईवडिलांच्या छायेत असलेली व्यक्ती. मी आज त्याचा अर्थ असा घेतो की समोरच्याची मनापासून संमती नसेल किंवा कुणाचा विश्वास तुटणार असेल तर थांबायचं. हे घरातही लागू, बायको कामावरून लोकलचे धक्के खाऊन आलीय आणि नको म्हणाली तर नकोच, लग्न झालंय म्हणून हक्क होत नाही.

सुरुवात मोबाईलपासून करा. जेवताना स्क्रीन पालथी ठेवावीशी वाटली ना, की तिथेच स्वतःला विचारा कोणाचा मेसेज लपवतोय. आणि गर्दीत अंगाला अंग लागतंच, पण हात मुद्दाम रेंगाळला तर शील तिथेच मोडलं, गर्दीचं कारण सांगू नका.

सिगालोवाद सुत्तात, म्हणजे बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला केलेल्या उपदेशात, नवऱ्याची ५ कर्तव्यं आहेत, त्यात बायकोला मान देणं आणि एकनिष्ठ राहणं येतं. बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही व्यभिचार करणार नाही हे आहेच. चूक झालीच तर लपवू नका, घरी खरं बोला, मग पुन्हा शील घ्या.