बाहेरची डिस्क लावली की कॉम्प्युटर हँग होतो? आधी डेटा वाचवा

कॉम्प्युटर हँग झाला की हात आपोआप पॉवर बटणाकडे जातो. तो आवरा. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर दोन-तीन मिनिटं काहीच करू नका. विंडोज डिस्कच्या उत्तराची साधारण 60 सेकंद वाट बघतं आणि मग पुन्हा विचारतं. तेवढ्यात गाडी कधीकधी आपोआप रुळावर येते. नाहीच आली तर डिस्कची केबल काढा. लिहिणं चालू असेल तर त्यात थोडा धोका आहे, पण पॉवर बटण दाबलं तर आतल्या डिस्कचंही काम अर्धवट तुटतं. केबल काढल्यावर काही क्षणांत सगळं चालू झालं, तर खोट डिस्क, केबल किंवा पोर्ट यांतच शोधायची.

मात्र मशीन खरोखर हँग झालंय का, हे आधी तपासा. कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल आणि फक्त वायरलेस माउस अडखळत असेल, तर डिस्क बिघडलेली नसण्याची शक्यता बरीच आहे. यूएसबी 3.0 च्या डिस्क आणि केबलमधून 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो. इंटेलने 2012 मध्ये यावर सविस्तर टिपणच काढलं होतं. माउसचा रिसीव्हर डिस्कच्या शेजारच्या पोर्टमधून काढून दुसऱ्या बाजूला लावा. लोक यापायी चांगल्या डिस्क टाकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता वीज. यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 चा 900. वेगळा अॅडॅप्टर नसलेल्या छोट्या हार्ड डिस्कला फिरायला सुरुवात करतानाच सगळ्यात जास्त वीज लागते. डिस्क फिरते, थांबते, पुन्हा फिरते असा आवाज येत असेल तर बहुधा तिला वीज पुरत नाही. हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) बाजूला ठेवा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला लावा आणि आखूड, चांगली केबल वापरून पाहा. केबल बदलणं क्षुल्लक वाटतं, पण मी सुरुवात नेहमी तिथूनच करते.

तरीही हँग होत असेल तर विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर हे नोंदी दाखवणारं साधन उघडा, त्यातल्या सिस्टिम नोंदी पाहा. तिथे 'डिस्क' या नावाखाली क्रमांक 7 दिसला तर खराब सेक्टर (डिस्कवरचा डेटा साठवायचा छोटा तुकडा), 153 म्हणजे वाचणं-लिहिणं पुन्हा करावं लागलं, 157 म्हणजे डिस्क अचानक गायब झाली. 157 असेल तर संशय केबल आणि विजेवर. 7 असेल तर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे वाचता न आलेल्या संशयित सेक्टरांची संख्या, बघा. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर बाकी सगळं थांबवा आणि आधी डेटा उचला.

इथे मी हट्टाने सांगते: चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क दुरुस्त करायचं साधन चालवू नका! ते फाइल सिस्टिम सुसंगत करतं, तुमच्या फाइली वाचवणं हे त्याचं काम नाही. मरणपंथाला लागलेली डिस्क तासन्‌तास घासत राहिली तर उरलंसुरलंही जातं. एका मैत्रिणीच्या प्रबंधाची डिस्क अशीच वारंवार अडकायची. आम्ही आधी प्रबंधाचा फोल्डर उचलला, मग फोटो, आणि सिनेमांना हातही लावला नाही. नेहमीची कॉपी अडकत असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब जागा शेवटी ठेवतं आणि कुठवर आलो याची नोंदही ठेवतं. टकटक आवाज येत असेल तर तेही नको, डिस्क बंद करून डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे द्या.

लिनक्सवर पेनड्राइव्हवर मोठी फाइल टाकताना सगळंच मंदावतं, त्याचं कारण निराळं. लिहायचा डेटा आधी रॅममध्ये साठतो आणि रॅम भरपूर असली की तो ढीग मोठा होतो. कॉपी संपली असं दिसलं तरी 'इजेक्ट' पूर्ण होईपर्यंत थांबा. कॉम्प्युटर सुरू होताना पहिल्या, बायोसच्या लोगोवरच अडकत असेल तर बायोसच्या सेटिंगमधल्या बूट क्रमात (कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्या यादीत) यूएसबी खाली ढकला. आणि फाइल सेव्ह करताना काही सेकंदच अडकत असेल, तर झोपलेली डिस्क जागी होतेय, एवढंच.

डिस्कची बाहेरची डबी बदलून बघायची असेल तर डिस्कचा डेटा हाती आल्यावरच ती उघडा. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावरच जोडलेला असतो, आणि काहींचा डेटा डबीतल्या चिपनेच एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे सांकेतिक रूपात बदललेला असतो. अशी डिस्क दुसऱ्या डबीत वाचता येत नाही.