स्फिंक्सच्या पानावर फोर्ट्रानची फंक्शन्स येत नव्हती

स्फिंक्स, म्हणजे कोडमधून डॉक्युमेंटेशनची पानं तयार करणारं साधन, वापरून एका पायथॉन-फोर्ट्रान प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन बनवणारा कोड तपासत होतो. एफटूपीवायने (फोर्ट्रान कोड पायथॉनमधून वापरता येईल असा बांधणारं साधन) बांधलेली फंक्शन्स पानावरून गायब, आणि बिल्डमध्ये एकही इशारा नाही. या मुकाटपणाने जीव मेटाकुटीला आला. ऑटोडॉक हा स्फिंक्सचा भाग कोडमधली वर्णनं आपोआप पानावर आणतो; त्याचे ‘अनडॉक-मेंबर्स’ (वर्णन नसलेलेही दाखवा), ‘इम्पोर्टेड-मेंबर्स’ (बाहेरून आणलेलेही दाखवा) हे पर्याय लावूनही फरक पडला नाही. फंक्शनचा प्रकार पाहायला त्यावर ‘टाइप’ चालवलं तेव्हा उत्तर आलं ‘फोर्ट्रान’. हे पायथॉनचं नेहमीचं फंक्शन नव्हे, म्हणून ऑटोडॉक ते गाळतो.

उपाय असा: आधी एफटूपीवायने बांधलेल्या मॉड्यूलचं पायथॉनमधलं नाव अंडरस्कोरने सुरू करा. मग प्रत्येक रुटीनसाठी ‘डेफ’ लिहून पायथॉनचं पातळ वेष्टन करा. डॉकस्ट्रिंग (फंक्शनचं वर्णन) तिथेच लिहा, कारण फोर्ट्रानमधल्या कॉमेंट्स एफटूपीवाय उचलत नाही. कोणत्या मॉड्यूलचं वर्णन घ्यायचं ते सांगणारी ऑटोडॉकची ‘ऑटोमॉड्यूल’ ही सूचना या वेष्टनाच्या फाइलकडे वळवा. जुनं बिल्ड पुसून नव्याने चालवा. बिल्ड-सर्व्हरवर फोर्ट्रान कंपायलर नसेल, तर ते बांधलेलं मॉड्यूल स्फिंक्सच्या ‘ऑटोडॉक_मॉक_इम्पोर्ट्स’ या यादीत घाला, म्हणजे त्याच्या जागी नकली मॉड्यूल वापरलं जाईल.