कांद्याच्या भावाची बातमी कशी वाचावी

माझ्या फोनमध्ये दोन ग्रुप आहेत. एक नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीचा, दुसरा निफाड तालुक्यातल्या भाऊबंदांचा. कांदा चढला की पहिल्यात रडके चेहरे येतात. पडला की दुसऱ्यात रस्त्यावर ओतलेल्या ट्रॉलीचा फोटो. दोन्हीकडच्या बातम्या बहुतेक वेळा खऱ्याच असतात. म्हणून ‘पुढे पाठवण्याआधी बातमी खरी आहे का ते तपासा’ हा जो तो देत असलेला सल्ला इथे फारसा कामाचा नाही. कांद्याच्या प्रचाराला खोटं बोलावं लागत नाही. खऱ्यातलं सोयीचं तेवढं उचललं की भागतं.

आधी भाव क्विंटलचा आहे की किलोचा, बाजार समितीतला की हातगाडीवरचा, ते बघून घ्या. याला अर्धं मिनिट लागतं.

मग मथळ्यातलं क्रियापद बघा. ‘कांदा रडवणार’ हे खाणाऱ्याचं वाक्य आहे, ‘कांद्याला झळाळी’ हे विकणाऱ्याचं. टीव्हीवर असेल तर माइक कुणापुढे धरलाय ते बघा: भाजीबाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईंपुढे, की लिलावाच्या ओळीत ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसापुढे. पुढच्या दोन मिनिटांत तुम्हाला कुणाची कीव येणार हे तिथेच ठरलेलं असतं.

आता आकडा. इथे मी कित्येक वर्षं फसलो, म्हणून जरा थांबतो.

बाजार समितीचे भाव तीन असतात: किमान, कमाल आणि सरासरी. समजा, लासलगावला आज क्विंटलला किमान ६०० रुपये, कमाल २,१०० आणि सरासरी १,४५० आहे. शहरी मथळा २,१०० घेणार. तो भाव एखाद्या निवडक मालाच्या ट्रॉलीचा असतो, आणि हंगामाचा मुहूर्त असेल तर हार घातलेल्या पहिल्या ट्रॉलीचा. आंदोलनाचं पत्रक ६०० घेणार. तो बहुतेक गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, किंवा खराब मालाचा असतो. १,४५० बातमीच्या तळाशी सापडला तर नशीब. तोच शोधा, आणि आवक किती होती तेही बघा. चार ट्रॉल्यांचा भाव आणि हजार ट्रॉल्यांचा भाव एका मापाने मोजू नका.

मात्र माझी खरी फजिती झाली ती २७ एप्रिल २०२४ला. ८ डिसेंबर २०२३पासून निर्यातबंदी होती. त्यातच दोन दिवसांपूर्वी प्रामुख्याने गुजरातच्या, अशा २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली होती, त्यामुळे आमच्या जिल्ह्यात आधीच डोकी तापलेली. अशात बातमी आली की केंद्र सरकारने सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठवायला परवानगी दिली. मी ती फटाक्यांच्या चित्रासकट भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकली. नानांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, एका ओळीत उत्तर आलं: ‘यातला नवा किती, ते सांग.’

रागच आला. रात्री वही घेऊन बसलो. मार्चच्या पहिल्या आठवड्यातच बांगलादेशला ५०,०००, अमिरातीला १४,४००, बहारीनला ३,०००, मॉरिशसला १,२०० आणि भूतानला ५५० टन मंजूर झाले होते. एप्रिलच्या मध्यापर्यंत अमिरातीला आणखी २०,००० आणि श्रीलंकेला १०,०००. बेरीज केली. ९९,१५०. टनाचाही फरक नाही. नवा कांदा शून्य! बातमीतला शब्द न् शब्द खरा होता, आणि तरी जुन्या सात-आठ चिठ्ठ्या एका पाकिटात घालून ते मला नवं म्हणून मिळालं होतं.

तेव्हापासून मोठा आकडा दिसला की मी तो फोडतो. किती नवं, किती आधीचं, आणि कधीपासूनचं धरलंय? ‘एकूण’, ‘मिळून’, ‘आतापर्यंत’ हे शब्द मथळ्यात नसतात, तिसऱ्या परिच्छेदात असतात. तिथवर वाचा. वाचायला वेळ नसेल तर पुढे तरी पाठवू नका.

आणि सुरुवात आपल्या बाजूच्या आकड्यापासून करा. सोसायटीच्या ग्रुपवरचे मथळे मी वर्षानुवर्षं सोलत होतो, पण ६०० रुपयेवाला किमान भाव मीच सगळ्यांना पाठवत होतो. तेव्हा तो गोल्टीचा आहे का, असं एकदाही मनात आलं नाही. जो आकडा फोडायला जिवावर येतं, तो आधी फोडा.

राहता राहिल्या तारखा. निर्णयाची तारीख आणि मतदानाची तारीख शेजारी शेजारी लिहा. ४ मे २०२४ला निर्यातबंदी उठली, ती ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत ठेवून. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मेला होतं. एवढ्यावरून हेतू सिद्ध होतो असं मी म्हणणार नाही. पण कांदा आणि मतपेटी यांची सोयरीक जुनी आहे. १९८०च्या लोकसभा प्रचारात कांदा होता, १९९८ला दिल्लीच्या सत्ताबदलातही तो गाजला.

ग्रुपवर उत्तर देताना लेख लिहू नका आणि कुणाला वेड्यात काढू नका. नानांसारखा एकच प्रश्न टाका. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ‘शेतकऱ्यांची चांदी’ असा मथळा पाठवला. मी विचारलं, ‘काकू, हा कमाल भाव आहे की सरासरी?’ दोन दिवस काकू गप्प. मग त्यांनी लासलगावच्या सरासरी भावाचा स्क्रीनशॉट टाकला आणि खाली लिहिलं, ‘यात आवक दिसत नाहीये, ती कुठे बघायची?’