शब्दाच्या ठोक्यांवर उजळणारं प्रकाशशिल्प

डिस्लेक्सियावर (वाचायला-लिहायला जड जाणं) शिल्प करायचं म्हटलं की नाचणारी, उलटीसुलटी अक्षरं दाखवायचा मोह होतो. तो टाळा. बहुतेक मुलांची अडचण नजरेची नसते. ऐकलेल्या शब्दाचे तुकडे पाडणं आणि प्रत्येक तुकडा अक्षराशी जोडणं त्यांना जड जातं. म्हणून या शिल्पात अक्षर एकही नाही, फक्त बोलण्याचे ठोके, म्हणजे शब्दाचे उच्चारातले तुकडे, दिसतात. ‘पताका’ म्हटलं की तीन नळ्या एकामागून एक उजळतात. ‘कमळ’ म्हटलं की दोनच, कारण लिहिताना अक्षरं तीन असली तरी उच्चार क-मळ असा होतो.

साहित्य: दुधी अ‍ॅक्रिलिकच्या 60 मिमी व्यासाच्या, 17 सेंमी उंचीच्या 5 नळ्या, 10 मिमी जाडीच्या 5 चौकोनी लाकडी काठ्या, मीटरला 60 दिवे असलेली डब्ल्यूएस2812बी पट्टी (प्रत्येक दिवा वेगळा चालवता येणारी) दीड मीटर, प्रोग्रॅम चालवणारा ईएसपी32 बोर्ड, आयएनएमपी441 मायक्रोफोन, 5 व्होल्ट, 4 अँपिअरचा पुरवठा, 74एएचसीटी125 चिप, 330 ओहमचा रोधक, 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

पट्टीचे 9-9 दिव्यांचे तुकडे कापा आणि प्रत्येक काठीच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर एकेक चिकटवा. काठी नळीच्या बरोबर मधोमध हवी. दिवा आणि नळीची भिंत यांत साधारण 22 मिमी अंतर राहतं. ते दोन दिव्यांमधल्या 16.7 मिमीपेक्षा जास्त असल्यामुळे सुटे ठिपके न दिसता सलग उजेड दिसतो. काठी कलली की त्या बाजूचे ठिपके लगेच डोळ्यांत येतात.

90 दिवे पूर्ण पांढरे पेटले तर सुमारे 5.4 अँपिअर लागतात, म्हणून प्रोग्रॅममध्ये 2.5 अँपिअरची मर्यादा घाला. माहितीची तार सर्व तुकड्यांतून एकापुढे एक न्या, 5 व्होल्ट मात्र प्रत्येक नळीला वेगळे द्या. नाहीतर शेवटची नळी तांबूस, मंद दिसते. रोधक पहिल्या दिव्याजवळ माहितीच्या तारेत बसवा, कपॅसिटर पुरवठ्याच्या दोन टोकांवर, धन-ऋण बघून. बोर्डाचा संदेश 3.3 व्होल्टचा असतो आणि दिव्यांना किमान 3.5 लागतो, म्हणून मध्ये तो 5 व्होल्टपर्यंत चढवणारी 74एएचसीटी125 चिप बसवा. दिवे वाटेल तसे लुकलुकले तर आधी सगळ्यांचं ग्राउंड (ऋण तार) एकत्र जोडलंय का ते बघा. मायक्रोफोनला 3.3 व्होल्टच द्या, 5 व्होल्टने तो जळू शकतो. त्याच्या छिद्रात गोंद जाऊ देऊ नका.

खरी कसोटी प्रोग्रॅममध्ये आहे. आवाज सेकंदाला 16000 नमुन्यांनी घ्या, 256 नमुन्यांच्या गटातून सरासरी वजा करा, 250 ते 2500 हर्ट्झचा पट्टा ठेवून त्याची ऊर्जा काढा. वरचा भाग गाळला नाही तर ‘स’चा सूसू आवाज वेगळा ठोका म्हणून मोजला जातो. सुरू होताच 2 सेकंद खोलीची शांतता मोजा आणि तिच्या तिप्पट ऊर्जेला पहिला ठोका धरा. त्यानंतर ऊर्जा आधीच्या शिखराच्या 60 टक्क्यांखाली उतरून पुन्हा चढली, तरच पुढची नळी. दोन ठोक्यांत किमान 150 मिलिसेकंद जाऊ द्या, नाहीतर एकाच ठोक्याला दोन नळ्या पेटतात. पेटलेली नळी तशीच राहू द्या, म्हणजे मुलाला मोजता येतं आणि झगमगाटही होत नाही. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा उजेड काहींना फिट (अपस्माराचा झटका) आणू शकतो. दीड सेकंद शांतता गेली की सगळ्या नळ्या हळूहळू विझवा.

आवाज मोठा म्हणून उजेड जास्त, असं मुळीच करू नका. वाचताना अडखळणारं मूल बऱ्याचदा दबक्या आवाजात बोलतं. त्याचा ठोकाही तेवढाच लख्ख उजळला पाहिजे.

चाचणीला ‘टोपी’, ‘पाटी’, ‘पताका’ घ्या. त्यांत ट, प, त, क आल्यावर आवाज क्षणभर तुटतो. ‘मामा’, ‘माळी’ अशा शब्दांत तो फारसा पडत नाही, त्यामुळे ठोके चिकटतात; तिथे 60 टक्क्यांची अट 75 वर न्या. मायक्रोफोन तोंडापासून 20 ते 30 सेंमीवर, फोमच्या तुकड्यावर आणि पंख्याच्या वाऱ्याबाहेर असू द्या.