गावामागची उघडी टेकडी बघायची कशी

"टेकडीवर काय आहे बघायला, नुसतं गवत आणि दगड" असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा मे महिन्यात दुपारी बाराला वर गेलेला असतो, त्याला दुसरं काय दिसणार. मी इथं पुणे, सातारा, नगर, सोलापूर या बाजूच्या उघड्या गवताळ टेकड्यांबद्दल लिहितोय, घाटमाथ्यावरच्या जंगलाबद्दल नाही. इथं मोठा प्राणी शोधत फिरलात तर हात हलवत परत याल. आधी दगड, मग गवत, मग किडे आणि सगळ्यात शेवटी पक्षी-प्राणी, हा क्रम धरा.

दगड चढायच्या आधी, खालच्या रस्त्यावरूनच बघायचा. टेकडीच्या अंगावर पायऱ्या दिसतायत का? साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यातले टणक थर कड्यासारखे उभे राहिले आणि भोकाभोकांचे मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले. माथा सपाट असतो तोही वरचा थर टणक म्हणूनच. मऊ दगडातल्या भोकांत पांढरे चमकणारे स्फटिक भरलेले सापडतात, कुठं कुठं दोन थरांच्या मधे विटकरी लाल मातीचा पट्टापण दिसतो. आता हे सगळं कशाला बघायचं तर पाण्यासाठी. वरून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट कातळाला अडतं आणि बाजूला झिरपतं, त्यामुळे पावसाळा संपून बरेच दिवस झाल्यावरसुद्धा उतारावर एखादी आडवी हिरवी रेघ टिकून राहिलेली दिसते. ती रेघ लक्षात ठेवा, उन्हाळ्यात अख्ख्या टेकडीवरची गर्दी तिथंच असते.

अजून एक, दोन्ही उतार एकाच दिवशी चाला. दक्षिणेकडचा उतार वर्षातला बराच काळ जास्त तापतो म्हणून उघडाबोडका, उत्तरेकडे जरा ओल टिकते म्हणून झुडपं जास्त. एकच टेकडी आहे असं वाटतच नाही.

गवताकडं लोक बघतच नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोज्यात जी कुसळं घुसतात ना, त्यांना शिव्या देत फेकून देऊ नका, एक काढा, तळहातावर ठेवा आणि पाण्याचा थेंब टाका. पिळलेली काडी उलगडत स्वतःभोवती फिरायला लागते. ओली झाली की उलगडते, वाळली की परत पिळते, असं करत करत टोकाचं बी स्वतःच जमिनीत शिरतं, आणि टोकावरचे मागं वळलेले केस त्याला परत बाहेर येऊ देत नाहीत. लहान पोरांना टेकडीवर नेणार असाल तर हे आधी दाखवा, मग ती घरी चल म्हणत नाहीत.

कधी जायचं? एकदाच जाऊन भागत नाही, तीच टेकडी वर्षभर बघावी लागते. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर लगेच जा, मखमली लाल मृगाचे किडे जमिनीवर फिरताना दिसतात आणि थोड्याच दिवसांत गायब होतात. ऑगस्ट-सप्टेंबर फुलांचे. झुडपात कळलावी चढलेली असते, तिला हात लावून चाखायच्या भानगडीत पडू नका कारण अख्खं झाड विषारी आहे, कंद तर जास्तच. माथ्यावर कातळाच्या खळग्यात पाणी साठलेलं असेल तर तिथं गुडघे टेकून बघा, नशीब असेल तर सीतेची आसवं दिसतील, इवलीशी निळी-जांभळी फुलं, आणि हीच नाजूक बाई खाली ओल्या मातीत बारीक फुग्यांनी सूक्ष्म जीव पकडून खाते! थंडीत गवत सोनेरी झालं की भोवत्या येतात, हे मध्य आशियाकडून येणारे शिकारी पक्षी, गवतावरून अगदी खालून तरंगत जातात आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवरच मुक्काम करतात. फेब्रुवारी-मार्चला पळस. आणि एप्रिल ते जून सरडे.

सरड्यांसाठी उन्हात जावं लागतं, इलाज नाही, पण सकाळी नऊ-दहापर्यंतचं ऊन पुरतं. नर एखाद्या दगडावर चढतो आणि गळ्याखालची झालर उघडमीट करतो, काही जातींत ती निळी, काळी आणि केशरी असते, मादी बघत असली तर विचारूच नका. दहाबारा मीटरवर खाली बसा आणि हलू नका. उभं राहून मोबाईल पुढं केलात की शो संपला.

बसणं हे खरं तर सगळ्यातच कामाला येतं. एका जागी अर्धा तास बसलात की चंडोल वर चढत गायला लागतो, खाटीक पक्षी बोरीच्या काट्याला किडा टोचून ठेवतो, कापशी घार एका जागी पंख मारत थांबते. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली तर समजा की अंडी किंवा पिल्लं जवळ आहेत, ती उघड्या खडीतच असतात आणि अजिबात दिसत नाहीत. शोधत बसू नका, आलात त्याच वाटेनं मागं फिरा. संध्याकाळी अंधार पडता पडता रातवा हा निशाचर पक्षी ओरडतो, टणक जमिनीवर गोटी टाकल्यावर जसे टप्पे जवळ जवळ येत जातात तसा आवाज. तेव्हाच टॉर्च कपाळाजवळ धरून गवतात मारा, जे बारीक हिरवट ठिपके चमकतात ते दव नाही, कोळ्यांचे डोळे आहेत.

प्राणी दिसले नाहीत तरी त्यांच्या खुणा दिसतात. गोल, गवताच्या भुशासारख्या लेंड्या म्हणजे ससा. विष्ठेत बोराच्या बिया आणि किड्यांची कवचं असतील तर बहुतेक खोकड, म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा. वाळून पांढरीफटक झालेली असेल तर तरस, तो हाडं खातो म्हणून. पावलात नखं उमटली नसतील तर मांजरकुळातलं कोणीतरी. साळिंदराचा काटा सापडला तर फोटो काढा आणि तिथंच ठेवा.

आता काळजीचं. घोट्याच्या वर येणारे बूट घाला, दगड उलटू नका, खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं. फुरसं छोटंसं असतं आणि मातीच्याच रंगाचं, कातळावर हात टेकताना आधी बघा. चावलंच तर बांधाबांधी, चिरणं, चोखणं काही करू नका, हात-पाय न हलवता 108 ला फोन करून थेट हॉस्पिटल गाठा.

एक गोष्ट मनातली सांगतो, राग आला तर येऊ दे. असे माळ सरकारी नकाशांत बऱ्याचदा पडीक म्हणून दाखवलेले असतात, म्हणून दर पावसाळ्यात कोणीतरी उत्साहानं खड्डे घेऊन ग्लिरिसिडिया नावाचं बाहेरदेशी झाड लावतं. उघडं गवत लागणाऱ्या चंडोल आणि धाविक या पक्ष्यांचं आणि खोकडाचं घर त्यानं जातं. झाडं लावायचीच तर ओढ्याकाठी लावा. आणि गवत जाळल्यानं पुढच्या वर्षी चांगलं उगवतं म्हणून वणवा लावणाऱ्यांशी भांडा, कारण जमिनीवरची घरटी, सरडे आणि छोटी रोपं त्यातच जातात.

नोंदी ठेवायला वही पुरते, तारीख, वेळ, कुठला उतार, एवढंच लिहा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर फोटो टाकत असाल तर खोकडाच्या बिळासारख्या गोष्टींचं ठिकाण अंधुक करायचं सेटिंग आहे, ते वापरा. जमिनीवरच्या घरट्याचा फोटो तर टाकूच नका.