व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) जुना रेडिओ बारीक आवाजात बोलतोय? आधी मागची वायर बघा

आकाशवाणी परभणी मीडियम वेव्हच्या १३०५ किलोहर्ट्झवर लावायची आन् नुसती खरखर ऐकायची, असं होत असेल तर लगेच सेट खोलू नका. आधी घरातले एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर बंद करून बघा, अर्धी खरखर तिथंच जाते. मग एरियल. या सेटला मागं हातभर वायर लटकवून भागत नसतं, गच्चीवर पंधराएक मीटर तार ताणा, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर लावा आन् विजेच्या तारांपासून लांब ठेवा. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, आपली काळी माती तर भेगाळतेच, म्हणून त्यात बादलीभर पाणी ओता. पण सेटात यूसीएच ८१, यूएल ८४ असले यू वाले व्हॉल्व्ह असतील तर चेसिसला, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याला, थेट अर्थ अजिबात जोडू नका, त्यात लाइनचा करंट असू शकतो.

तरी आवाज येईना तर प्लग काढा, वीज साठवून ठेवणारा मोठा फिल्टर कंडेन्सर रेझिस्टरनं डिस्चार्ज करा, मीटरनं खात्री करा, तिथं अडीचशे व्होल्ट असतात, मस्करी नाही. व्हॉल्व्ह हळू हलवून काढा, पिना काळ्या पडलेल्या दिसतील, त्या न् बँड स्विच कॉन्टॅक्ट क्लीनरनं पुसा. जुने मेणाचे पेपर कंडेन्सर लीक होतात, एजीसीच्या (आवाज आपोआप सारखा ठेवणाऱ्या) लाइनवरचा तर हमखास बदलाच. आयएफच्या (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) डब्यातले स्क्रू मात्र उगी पिळू नका, सिग्नल जनरेटर नसल्यावर ते परत जागेवर येत नाहीत.