चहामळ्यात प्रशिक्षण ठेवण्याआधी

तारीख ठरवण्याआधी मजुरीचं ठरवा. प्रशिक्षणाच्या दिवसाचा पूर्ण पगार मिळणार, हे कामगारांना आधी कळलं पाहिजे. मोबदला नुसता किलोवर असेल तर निवडून खुडणारीच्या हातात कमी पैसे पडतात. मग शिकवलेलं चार दिवसांत सुटतं आणि त्यात तिचा काहीच दोष नसतो. म्हणून मालक आणि मुकादम यांची बैठक आधी, खुडणाऱ्यांचा वर्ग नंतर.

शिकवणारी व्यक्ती कामगारांच्या घरातली भाषा बोलणारी हवी, शक्यतो त्यांच्यातलीच मुरलेली बाई. लहान मुलांना सांभाळायची सोय जवळच करा, नाहीतर आया येणार नाहीत. गट छोटा ठेवा आणि वर्ग मळ्यातच भरवा.

त्या सकाळी ताजा पाला खुडून वेगवेगळे ढीग मांडा: दोन पानं आणि एक कळी, बांझी म्हणतात तो वाढ थांबलेला कोंब, जून पानं, चुरगळलेला पाला. ढीग सगळ्यांना हाताळू द्या. एक पोतं मुद्दाम दाबून भरून उन्हात ठेवा आणि थोड्या वेळाने प्रत्येकीला त्यात हात घालायला सांगा. पाला तापतो, लाल पडतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. वजनकाटा आणि पगाराची पावती वाचायलाही शिकवा. एक किलो तयार चहाला साधारण चार ते पाच किलो ओला पाला लागतो, हा हिशेब त्यांनाही माहीत असावा.

फवारणीच्या वर्गाला सगळ्यात जास्त वेळ द्या. हातमोजे, बूट, मुखवटा, चष्मा अंगाला येतील अशा मापाचे आणून ठेवा. ढगळ मोज्यांनी पंपाचं झाकण उघडत नाही, मग लोक ते काढूनच टाकतात. सराव साध्या पाण्यावर करा. वाऱ्याकडे पाठ करणं, फवारलेल्या भागात ठरलेल्या मुदतीआधी न शिरणं आणि न खुडणं, रिकामा डबा तीनदा विसळून भोक पाडणं, हे सगळं हाताने करून घ्या. साबण, भरपूर पाणी आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर तिथेच हवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना हे काम द्यायचंच नाही.

कारखान्यात यंत्र बंद करून, वीज तोडून मगच रोलर, म्हणजे पाला वळणारं यंत्र, दाखवा. पदर, ओढणी, मोकळे केस आवरलेले असावेत.

शेवटी चांगल्या आणि जून पाल्याचे वेगवेगळे बनवलेले दोन चहा सगळ्यांना पाजा. चहा परीक्षक वापरतात तीच पद्धत घ्या: 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम चहा, 6 मिनिटं, दूध-साखर नको. आपण खुडलेल्या पाल्याची चव कित्येकींनी कधी घेतलेलीच नसते, आणि मला हे फार खटकतं.

दोन आठवड्यांनी प्रत्येकीच्या ओळीत जाऊन टोपली बघायची तारीखही आत्ताच लिहून ठेवा.